बाहुली आणि आयरिसची मापं: खोलीतल्या उजेडापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत

हा लेख मराठवाड्यातल्या मेडिकल कॉलेजांत नेत्ररोग विषयात एमएस किंवा डीएनबी करणाऱ्यांसाठी, ऑप्टोमेट्रीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिबिरांतल्या नोंदींवरून काही शोधू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. विषय साधा वाटतो: बाहुलीचा व्यास घ्यायचा, आयरिसचा (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा) व्यास घ्यायचा, दोन गटांची तुलना करायची. पण बाहुली सेकंदागणिक हलते, उजेडाला, वयाला, औषधाला आणि झोपेलाही प्रतिसाद देते. म्हणून इथं बहुतेक चुका मोजतानाच होतात. त्या शेवटी कुठल्याच टेस्टनं भरून निघत नाहीत. मोजताना जे टिपलं नाही, ते संगणकावर परत मिळत नाही.

१. आधी प्रश्न, मग संख्या

प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात चार गोष्टी हव्यात: कोणाची बाहुली, कुठल्या उजेडात, कशाशी तुलना आणि किती मिलिमीटरचा फरक महत्त्वाचा. “मधुमेहात बाहुलीचा अभ्यास” हा प्रश्न होत नाही. “दहा वर्षांहून जुना मधुमेह असलेल्यांची मंद उजेडातली बाहुली त्याच वयाच्या मधुमेह नसलेल्यांपेक्षा निदान ०.५ मिमी लहान असते का?” हा प्रश्न आहे.

यातला शेवटचा आकडा, ०.५ मिमी, ठरवल्याशिवाय नमुना संख्या काढता येत नाही. दोन स्वतंत्र गटांच्या सरासरीसाठी नेहमीचं सूत्र असं:

प्रत्येक गटातली माणसं = २ × (१.९६ + ०.८४)² × एसडी² ÷ फरक²

एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, मापं किती पसरलेली आहेत त्याचा आकडा. १.९६ हा ५ टक्के पातळीचा आकडा, ०.८४ हा ८० टक्के पॉवरचा (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता). एसडी ०.८ मिमी धरला आणि फरक ०.५ मिमी, तर २ × ७.८४ × ०.६४ ÷ ०.२५ म्हणजे ४०.१. वरच्या पूर्णांकाला न्यायचं, म्हणून ४१. दहा टक्के नोंदी बाद होतील असं धरलं तर प्रत्येक गटात ४६. ही ४६ माणसं आहेत, डोळे नाहीत. “२३ जणांचे ४६ डोळे” असा हिशेब केला की अभ्यास तिथंच अर्धा होतो. याचं कारण पायरी ८ मध्ये आहे.

एसडी कुठून आणायचा? तुमच्याच खोलीत, तुमच्याच यंत्रावर पंधरा-वीस जणांची प्राथमिक मापं घ्या. दुसऱ्या कुणाच्या अभ्यासातला एसडी त्यांच्या उजेडातला असतो, आणि उजेड बदलला की एसडीही बदलतो.

२. कागदपत्रं आणि साधनं

कागदपत्रं:

- संस्थेच्या एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी. पहिल्या रुग्णाच्या तारखेआधीची.
- सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा). त्यात मुख्य मोजमाप एकच आणि विश्लेषणाची पद्धत आधीच लिहिलेली.
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत. आपल्या भागात उर्दू आणि हिंदी प्रतीही तयार ठेवा. तांड्यावरून येणाऱ्या रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून सांगणारं कुणीतरी सोबत असू द्या.
- मुलांवर अभ्यास असेल तर पालकांची संमती. शिवाय आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलाचा लेखी होकार.
- थेंब टाकून परिणाम तपासणार असाल तर सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलच्या देशातल्या नोंदवहीत) नोंदणी, पहिला रुग्ण घेण्याआधी.
- केस रेकॉर्ड फॉर्म. यात उजेड, वेळ आणि यंत्राचा क्रमांक यांचे रकाने छापलेलेच हवेत.

साधनं: इन्फ्रारेड प्रकाशाचं प्युपिलोमीटर (बाहुली मोजायचं यंत्र) किंवा इन्फ्रारेड कॅमेरा, हनुवटी टेकवायचा स्टँड, लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र), जाड काळा पडदा, मिलिमीटरची छोटी पट्टी, स्टॉपवॉच. सॉफ्टवेअरसाठी पैसे लागत नाहीत. चित्रावरून मापं घ्यायला इमेज-जे आणि विश्लेषणाला आर पुरतात. आरची भाषा अवघड वाटली तर जमोव्ही घ्या. तिघंही मोफत आहेत.

इन्फ्रारेडचा आग्रह का, तर आपल्याकडच्या गडद तपकिरी आयरिसमुळे. साध्या प्रकाशात काढलेल्या फोटोत बाहुली कुठं संपते आणि आयरिस कुठं सुरू होतं ते दिसतच नाही. दोन्ही काळंच. ८५० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात मेलॅनिन (आयरिसला गडद करणारं रंगद्रव्य) फारसं आड येत नाही, आयरिस करडं दिसतं आणि बाहुलीची कड स्वच्छ मिळते. शिवाय तो प्रकाश डोळ्याला जवळपास दिसत नाही, त्यामुळे बाहुली त्याला आकसत नाही. मोबाईलच्या फ्लॅशवर घेतलेली बाहुलीची मापं संशोधनाला चालत नाहीत.

३. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही

डोळ्याला आधी मार लागलेला, शस्त्रक्रिया झालेली, सायनेकिया (आयरिस चिकटणं), युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज), स्यूडोएक्सफोलिएशन (डोळ्यात पांढरे कण साचणं) हे वगळायचे निकष सगळ्यांना माहीत असतात. इथं राहून जाणारे निकष वेगळे आहेत.

*फवारणी.* पावसाळ्यात कापूस-सोयाबीनवर फवारणी चालू असते. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम अडवतात आणि बाहुली आकसते. जून ते ऑक्टोबरमध्ये नोंदी घेणार असाल तर “फवारणी कधी केली, कुठलं औषध, तोंडाला फडकं होतं का” हे फॉर्मवर हवंच. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी रुग्ण चालेल ही मुदत प्रोटोकॉलमध्ये आधीच ठरवा. नंतर मापं पाहून ठरवू नका.

*धोतरा.* बांधावर धोतरा उपटलेल्या हातानं डोळा चोळला तर त्या एका बाजूची बाहुली मोठी होते आणि काही दिवस तशीच राहू शकते. एकाच बाजूला मोठा फरक दिसला की हे विचारा.

*गोळ्या आणि थेंब.* प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या पुरुषांची बाहुली नीट फुलत नाही. काचबिंदूच्या पायलोकार्पिननं ती आकसते, ब्रिमोनिडिननंही मंद उजेडात लहान होते. काही जुनी नैराश्यावरची औषधं आणि ॲट्रोपिनसारखी औषधं ती मोठी करतात. “कुठली गोळी चालू आहे का?” असं विचारलं की उत्तर “नाही” येतं. “बीपी-शुगरची पिशवी दाखवा” म्हटलं की गोळ्या बाहेर येतात.

*वेल आणि म्हातारपणाची कडा.* ऊन-धुळीत काम करणाऱ्यांत नाकाकडून वाढणारं टेरिजियम, म्हणजे वेल, भरपूर दिसतं. ते लिंबस (बुबुळाची कड) झाकतं आणि आयरिसचा आडवा व्यास खोटा येतो. वयस्करांतल्या आर्कस सिनिलिसमुळे (बुबुळाच्या कडेच्या पांढुरक्या वर्तुळामुळे) यंत्राची कड आतल्या बाजूला सरकते आणि व्यास कमी भरतो. बाहुलीच्या अभ्यासात असे रुग्ण चालतील. आयरिसच्या व्यासाच्या अभ्यासात चालणार नाहीत.

तुलनेचा गट निवडताना तर फारच जपा. रुग्णांचे वय साठीचं आणि कंट्रोल म्हणून नर्सिंगच्या विद्यार्थिनी किंवा रुग्णासोबत आलेला मुलगा, ही जोडी सर्रास दिसते. वयानुसार बाहुली लहान होत जाते. विशीत अंधारात सरासरीनं ७ मिमीच्या आसपास असणारी बाहुली सत्तरीत ५ मिमीच्या आसपास येते. म्हणजे मधुमेह नसतानाही तुम्हाला मोठा आणि “सिग्निफिकंट” फरक मिळेल, आणि तो निव्वळ वयाचा असेल. वयाची जुळणी करा आणि विश्लेषणाच्या मॉडेलमध्येही वय घ्या.

४. खोली, उजेड, अंतर

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

उन्हात बाहुली २ ते ४ मिमी असते, अंधारात ४ ते ८ मिमी. म्हणजे उजेडाचा परिणाम तुम्ही शोधताय त्या ०.५ मिमीच्या कितीतरी पट मोठा आहे. “मंद उजेडात मापं घेतली” एवढं लिहून काहीच कळत नाही. लक्स लिहा. लक्समीटरचा सेन्सर रुग्णाच्या डोळ्याच्या जागी, रुग्ण जिकडे पाहतो त्याच दिशेला धरायचा. टेबलावर ठेवून घेतलेला आकडा टेबलाचा असतो. कमी उजेडात मोबाईलच्या लक्स ॲपवर विसंबू नका.

आपल्या ओपीडीत तीन गोष्टी उजेड बदलतात: व्होल्टेजचा चढ-उतार, खिडकीतून सरकत येणारं ऊन आणि यंत्राच्या स्वतःच्या स्क्रीनचा झोत. दिवा स्टॅबिलायझरवर घ्या, खिडकीला पडदा लावा, स्क्रीनची चमक एकदा ठरवून तशीच ठेवा. वीज गेली आणि इन्व्हर्टरवर दिवा चालू राहिला तर ती नोंद वेगळी खूण करून ठेवा. प्रत्येक रुग्णाचा लक्स लिहा, दिवसाचा एक नव्हे.

उन्हातून आलेल्या माणसाला लगेच खुर्चीत बसवू नका. मे महिन्यात बाहेर डोळे दिपवणारं ऊन असतं. दहा-पंधरा मिनिटं आत बसू द्या, मग चाचणीच्या उजेडात आणखी पाच मिनिटं. हा वेळ सगळ्यांना सारखाच हवा. गर्दीच्या दिवशी दोन मिनिटं आणि रिकाम्या दिवशी दहा, असं झालं तर तुमच्या आकड्यांत गर्दी मोजली जाते.

नजर लांब हवी. जवळ पाहिलं की बाहुली आकसते. ६ मीटरवरचं चिन्ह उत्तम, जागा नसेल तर निदान ३ मीटर. “कॅमेऱ्यात बघा” म्हणायचं नाही. नजर तिरकी असेल तर गोल बाहुली लंबगोल दिसते: २० अंशांनी वळलेली ५ मिमीची बाहुली आडव्या दिशेत साधारण ४.७ मिमी भरते. अशा चित्रात लांब अक्ष घ्या, किंवा चित्र बादच करा.

वेळही ठरावीक ठेवा. पेंगुळलेल्या माणसाची बाहुली लहान होते आणि लाटांसारखी हलते. रात्रीच्या एसटीनं येऊन सकाळी सहापासून रांगेत बसलेला रुग्ण दुपारी दीड वाजता वेगळंच माप देतो. मापाची वेळ फॉर्मवर लिहिली असेल तर नंतर निदान तपासता येतं.

५. पिक्सेलचे मिलिमीटर करताना

यंत्र थेट मिमी देत असेल तर पुढच्या पायरीवर जा. कॅमेरा वापरणार असाल तर तीन मार्ग आहेत.

पहिला, मोजपट्टी चित्रातच ठेवणं. पट्टी खालच्या पापणीलगत, आयरिसच्या पातळीत हवी. कपाळावर चिकटवलेली पट्टी कॅमेऱ्याला जवळ पडते. कॅमेरा ३०० मिमीवर असेल आणि पातळीत १० मिमीचा फरक असेल, तर प्रमाण ३ टक्क्यांहून अधिक चुकतं. ५ मिमीच्या बाहुलीत हा ०.१७ मिमीचा फरक झाला.

दुसरा, अंतर पक्कं बांधून ठेवणं. हनुवटी आणि कपाळ टेकलेलं, लेन्सचा फोकस कुलूपबंद, आणि रोज सकाळी छापील ५ मिमीच्या वर्तुळाचा फोटो. वर्तुळाचं माप वहीत लिहा. एक दिवस ते ५.२ आलं तर त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी तपासायच्या.

तिसरा, आयरिसलाच मोजपट्टी मानणं. प्रौढांत आयरिसचा दिसणारा आडवा व्यास साधारण ११.५ ते १२ मिमी असतो, माणसामाणसांत फार बदलत नाही. म्हणून ११.७ धरून बाहुली काढतात. सोयीचं आहे, पण ज्याचा खरा व्यास ११.२ आहे त्याची बाहुली ४ टक्क्यांहून अधिक मोठी लिहिली जाते. गटांची तुलना असेल तर चालून जाईल. एका रुग्णाबद्दल निष्कर्ष काढायचा असेल तर चालणार नाही. आणि गटांतच आयरिस लहान-मोठं असण्याची शक्यता असेल, उदाहरणार्थ मुलं विरुद्ध मोठी माणसं किंवा जन्मजात काचबिंदू, तर हा मार्ग घेऊच नका.

आणखी एक गोष्ट. कॅमेऱ्याला बाहुली कॉर्नियाच्या भिंगातून दिसते, म्हणून खऱ्यापेक्षा साधारण १२ ते १४ टक्के मोठी. वक्रीभवन दुरुस्त करून देणाऱ्या अँटिरिअर सेगमेंट ओसीटीचं (डोळ्याच्या पुढच्या भागाच्या स्कॅनचं) माप आणि कॅमेऱ्याचं माप जुळलं नाही तर यंत्र बिघडलं असं समजू नका. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. कुठली मोजली ते लिहा.

६. आपल्याच हाताची चूक मोजा

दोन गटांची तुलना करण्याआधी निदान तीस जणांचं माप दोनदा घ्या. मधे रुग्णाला उठवा, पुन्हा बसवा. न उठवता घेतलेलं दुसरं माप पहिल्याचीच प्रत असते.

पाच जणांवर पद्धत दाखवतो:

पहिलं / दुसरं माप (मिमी): ४.१ / ४.३, ५.० / ४.९, ३.६ / ३.६, ४.८ / ५.१, ४.४ / ४.२

फरक: −०.२, ०.१, ०, −०.३, ०.२. त्यांचे वर्ग: ०.०४, ०.०१, ०, ०.०९, ०.०४. बेरीज ०.१८. ही बेरीज मापांच्या एकूण संख्येनं, म्हणजे १० नं भागा: ०.०१८. वर्गमूळ ०.१३४ मिमी. हा एकाच माणसातला एसडी. त्याला २.७७ नं गुणलं की ०.३७ मिमी.

याचा अर्थ: त्याच माणसाच्या, त्याच परिस्थितीतल्या दोन मापांत ०.३७ मिमीपर्यंत फरक सहज येऊ शकतो. मग “उपचारानंतर या रुग्णाची बाहुली ०.२ मिमी वाढली” हे वाक्य लिहिता येणार नाही. असा आकडा हाताशी असला की निम्मे वाद मिटतात.

चूक मोठी निघाली तर एका वेळी तीन ते पाच मापं घेऊन सरासरी वापरा. बाहुली शांत बसलेल्या माणसातही थोडी थरथरत असते, त्यामुळे एका फ्रेमवर विसंबणं चूक आहे. मोजणारे दोघं असतील तर आयसीसी (दोघांची मापं किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढा. दोघांच्या आकड्यांत ठरावीक अंतर राहत असेल तर तेही चूक म्हणून धरणारा, म्हणजे “ॲब्सोल्यूट ॲग्रीमेंट” प्रकारचा निवडा. मोजणाऱ्याला रुग्ण कुठल्या गटातला ते माहीत नसावं. फोटोंना क्रमांक द्या आणि कुणा तिसऱ्याला ते मिसळायला सांगा.

७. शीट कशी भरायची

एका ओळीत एक डोळा आणि एक वेळ. “उजवी बाहुली, डावी बाहुली, थेंबानंतर उजवी, थेंबानंतर डावी” असे आडवे रकाने वाढवत नेऊ नका. रकाने असे: रुग्ण क्रमांक, डोळा, वेळ, वय, लिंग, गट, लक्स, घड्याळातली वेळ, मोजणारा, यंत्र, बाहुली, आयरिस, शेरा. एका माणसाची शीट अशी दिसते (काही रकाने गाळून):

१७ | उजवा | ० मिनिटं | ५८ | लक्स ४ | बाहुली ४.६ | आयरिस ११.६
१७ | डावा | ० मिनिटं | ५८ | लक्स ४ | बाहुली ४.४ | आयरिस ११.६
१७ | उजवा | ३० मिनिटं | ५८ | लक्स ४ | बाहुली ७.१ | आयरिस ११.६
१७ | डावा | ३० मिनिटं | ५८ | लक्स ४ | (रिकामं) | ११.६ | रुग्णानं डोळा उघडला नाही

रिकामं ते रिकामंच ठेवा. ० किंवा ९९ टाकलंत तर सॉफ्टवेअर त्याची सरासरी काढून मोकळं होतं. रंग देऊन खुणा करू नका, विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला रंग दिसत नाहीत. “४.६ मिमी” असं एका खान्यात लिहिलं तर तो आकडा न राहता मजकूर होतो.

मग दहा टक्के ओळी मूळ फॉर्मशी ताडून पाहा. आयरिस १६ मिमी किंवा बाहुली आयरिसपेक्षा मोठी, असं काही निघालं तर टायपिंगची चूक आहे. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी मापं पाहिली की अशा ओळी लगेच सापडतात.

८. दोन डोळे, एक माणूस

एकाच माणसाच्या दोन बाहुल्या जवळपास सारख्या असतात, कारण दोघींना हुकूम एकाच मेंदूकडून येतो. निरोगी लोकांत साधारण पाचातल्या एकात ०.४ मिमी किंवा जास्त फरक असतो, पण बाकीच्यांत तेवढाही नाही. म्हणून दुसरा डोळा मोजून नवी माहिती फार थोडी मिळते.

किती थोडी? दोन डोळ्यांतला सहसंबंध ०.९ धरा. ६० माणसांचे १२० डोळे. खरी माहिती १२० ÷ (१ + ०.९), म्हणजे ६३ स्वतंत्र डोळ्यांएवढी. साधी टी-टेस्ट मात्र १२० धरते, स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता) खऱ्याच्या पाऊणपटीहून कमी दाखवते आणि पी-व्हॅल्यू (फरक नसताना एवढा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) फसवी लहान येते. परीक्षक आणि जर्नलचे समीक्षक पहिलं बोट याच जागी ठेवतात.

यातून बाहेर पडायचे चार मार्ग:

एकच डोळा घ्या. उजवा की डावा ते आधी ठरवा किंवा चिठ्ठीनं निवडा. “ज्याचं माप चांगलं आलं तो” अशी निवड नको. दोनच गटांची साधी तुलना असेल आणि सांख्यिकीची मदत हाताशी नसेल, तर हाच मार्ग घ्या.

दोन्हींची सरासरी घ्या. माप दोन्ही डोळ्यांत असेल आणि गट माणसाचा असेल (मधुमेह आहे किंवा नाही) तर हे छान चालतं.

मिक्स्ड मॉडेल वापरा. माणसाला “रँडम इफेक्ट” म्हणून घालायचं. काहींचा एकच डोळा मोजता आला असेल, थेंबानंतर अनेक वेळा मापं असतील, तर हाच योग्य मार्ग. थेंबाच्या अभ्यासात थर तीन असतात: माणूस, त्याच्या आत डोळा, डोळ्याच्या आत वेळ. जीईई (जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स) हा याच कामाचा दुसरा मार्ग. माणसं पन्नासच्या आत असतील तर त्याचे स्टँडर्ड एरर कमी येण्याची भीती असते.

चौथा मार्ग डिझाइनमधलाच: एका डोळ्यात औषध, दुसऱ्यात साधे थेंब. इथं दोन डोळ्यांचं साम्य तुमच्या बाजूनं काम करतं, कारण वय, झोप, उजेड सगळं आपोआप सारखं होतं. विश्लेषण जोडीचं, म्हणजे पेअर्ड. पण थेंबाचा काही अंश रक्तातून दुसऱ्या डोळ्यावर जाऊ शकतो, हे ध्यानात असू द्या.

आयरिसच्या *नक्षीचा* अभ्यास मात्र पूर्ण वेगळा आहे. जॉन डॉगमन यांच्या पद्धतीत आयरिसच्या नक्षीचा २०४८ बिटांचा कोड बनतो आणि दोन कोडमधल्या न जुळणाऱ्या बिटांचं प्रमाण, म्हणजे हॅमिंग अंतर, मोजतात. एकाच माणसाच्या उजव्या-डाव्या डोळ्यांचे कोड दोन परक्या माणसांच्या कोडइतकेच वेगळे निघतात. तिथं दोन डोळे स्वतंत्र धरता येतात. पण ६० डोळ्यांच्या आपसातल्या १७७० जोड्या स्वतंत्र नसतात, कारण प्रत्येक डोळा ५९ जोड्यांत येतो. आधारसाठी आयरिस स्कॅन होतो आणि बाहुली फार फुललेली असली की जुळणी बिघडते. या विषयावर काम करायचं असेल तर बाहुलीच्या व्यासाला आयरिसच्या व्यासानं भागलेलं गुणोत्तर प्रत्येक नोंदीत ठेवा.

९. दोन यंत्रांची तुलना

इथं लोक पिअरसनचा सहसंबंध काढतात, ०.९४ येतो आणि “दोन्ही यंत्रं सारखी” असं लिहितात. एक यंत्र प्रत्येक वेळी अर्धा मिमी जास्त दाखवत असेल तरी सहसंबंध पूर्ण १ येऊ शकतो. ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये मांडलेली पद्धत वापरा: आडव्या अक्षावर दोन्ही यंत्रांच्या मापांची सरासरी, उभ्यावर त्यांचा फरक.

फरकांची सरासरी ०.२५ मिमी आणि एसडी ०.३० आली असं समजा. बहुतेक फरक ज्यांच्या आत पडतात त्या मर्यादा: ०.२५ ± १.९६ × ०.३०, म्हणजे −०.३४ ते ०.८४ मिमी. पन्नास जणांत या प्रत्येक मर्यादेचीच ९५ टक्के धूसरता सुमारे ±०.१४ मिमी असते, तीही द्या. एवढा फरक चालेल की नाही हे दवाखान्यातल्या गरजेवरून आधी ठरवलेलं असावं. बाहुली मोठी होत जाईल तसे फरक पसरत गेले, नरसाळ्यासारखा आकार दिसला, तर एकच मर्यादा सगळीकडे लागू होत नाही. लॉग घेऊन पाहा.

१०. बदल, टक्केवारी आणि दिशा

थेंबांनी बाहुली किती फुलली हे पाहताना “नंतरचं वजा आधीचं” काढून त्याचा आधीच्या मापाशी सहसंबंध काढू नका. तो आकड्यांच्या बांधणीतूनच येतो, कारण आधीचं माप दोन्हीकडे बसलेलं असतं. त्याऐवजी नंतरचं माप हे उत्तर धरा, आणि आधीचं माप, वय व गट ही कारणं. हीच ॲन्कोव्हा.

वेळ पक्की हवी. ट्रॉपिकामाईडचा जोर साधारण २० ते ४० मिनिटांत येतो, आणि गडद आयरिसमध्ये तो हळू चढतो. “अर्ध्या तासानं” लिहून कुणाचं २२ मिनिटांनी आणि कुणाचं ५० मिनिटांनी घेतलं तर गटांची तुलना राहत नाही. खरी मिनिटं लिहा.

व्यास की क्षेत्रफळ, एक ठरवा. व्यास १० टक्के वाढला तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. एका तक्त्यात व्यास आणि चर्चेत क्षेत्रफळाचे टक्के, असं केलं की वाचणारा चकतो.

बाहुलीचं केंद्र आयरिसच्या केंद्रावर नसतं, थोडं नाकाकडे असतं. हे सरकणं मोजताना डाव्या डोळ्याचा आडवा आकडा उलटा करा (धन असेल तर ऋण). तसं न करता दोन्ही डोळे एकत्र केले तर उजव्याचं नाकाकडचं सरकणं आणि डाव्याचं एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरासरी शून्य येते. कोनांचीही साधी सरासरी नको: ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० येते, खरी दिशा ० आहे. आडवे-उभे आकडे वेगवेगळे घ्या, त्यांची सरासरी काढा, मग कोन काढा.

११. हलत्या बाहुलीच्या नोंदी

प्रकाशाचा झोत टाकून प्रतिसाद मोजणार असाल तर कॅमेऱ्याचा वेग पाहा. आकसायला लागण्याआधीचा काळ साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद असतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात दोन फ्रेममध्येच ३३ मिलिसेकंद जातात, त्यामुळे एका नोंदीत २० मिलिसेकंदांचा फरक त्याला दिसणार नाही. डोळा मिटण्याच्या आधीचे आणि नंतरचेही थोडे बिंदू काढून टाका, पापणी खाली येतानाच बाहुली खोटी लहान दिसते. किती टक्के बिंदू गेले की ती नोंद बाद, हे आधी लिहून ठेवा. तुलनेसाठी सुरुवातीचं माप वजा करा. भागाकार केला तर सुरुवातीची एखादी चुकीची लहान फ्रेम अख्खी नोंद फुगवते.

१२. तक्ते आणि पी-व्हॅल्यू

यंत्र बारा आकडे देतं म्हणून बाराही टेस्ट करू नका. काहीच फरक नसताना, बारा स्वतंत्र टेस्टमध्ये निदान एक “सिग्निफिकंट” येण्याची शक्यता ४६ टक्के आहे. मुख्य मोजमाप एक, बाकी दुय्यम. दुय्यमांसाठी होम पद्धतीची दुरुस्ती (अनेक टेस्टमुळे येणारे खोटे निकाल आवरणारी).

नॉर्मॅलिटीची टेस्ट (आकडे घंटेच्या आकारात पसरलेत का ते पाहणारी) कच्च्या मापांवर न करता मॉडेलच्या उरलेल्या फरकांवर आलेख काढून पाहा. मोठ्या नमुन्यात शापिरो-विल्क बिनमहत्त्वाच्या वाकड्यालाही पकडते, लहान नमुन्यात खरा दोषही तिच्या हातून सुटतो.

निकाल असा लिहा: “वय धरून मधुमेही गटाची बाहुली इतके मिमी लहान, ९५ टक्के विश्वास-मर्यादा इतके ते इतके.” पी-व्हॅल्यू त्यानंतर. “०.०००” कधीही लिहू नका, “०.००१ पेक्षा कमी” लिहा. किती माणसं, किती डोळे, किती बाद आणि का, हे पहिल्याच तक्त्यात द्या. मापं दोन दशांशांपर्यंत पुरेत. तुमचं यंत्र ०.१ मिमी दाखवत असेल तर सरासरीला तीन-चार दशांश लावून अचूकता वाढत नाही.

आयरिसचा इन्फ्रारेड फोटो हा बायोमेट्रिक पुरावा आहे, त्यावरून माणूस ओळखता येतो. चेहऱ्याचा बाकी भाग कापा, फाइलच्या नावात रुग्णाचं नाव किंवा ओपीडी क्रमांक नको, आणि क्रमांक-नावांची यादी फोटोंपासून वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या जागी ठेवा. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे फोटो टाकू नका. मूळ फोटो, भरलेली शीट आणि विश्लेषणाचा कोड अशा तिन्ही फाइलींची प्रत गाईडकडेही द्या. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) एखादा आकडा विचारला गेला तर तो तिथूनच पुन्हा काढून दाखवता आला पाहिजे.